डीमनमधलं यिर्मयाचं कीर्तन

ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमनला राहायला गेल्यावर आमच्या फ्लॅटमध्ये धड पडदेसुद्धा नव्हते, तेव्हा आईचा इस्राएलहून फोन आला. तिने पहिला प्रश्न विचारला, "तिथे आपली माणसं आहेत का?"

"मराठी आहेत की," मी म्हटलं. "पुण्यामुंबईची कितीतरी आहेत. सगळे कॉम्प्युटरवाले."

"ती नव्हेत गं. आपली."

आपली म्हणजे बेने इस्राएल. मराठी बोलणारे ज्यू. आईचं माहेर अलिबागजवळच्या एका गावातल्या इस्राएल आळीत. तिचे आजोबा तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी काम करायचं नाही या आमच्या धर्माच्या नियमाने त्या दिवशी तो बंद ठेवायचे, म्हणून गावाने आम्हाला नाव दिलं शनिवार तेली. आडनावही इतरांसारखंच, गावाच्या नावापुढे 'कर' लावून झालेलं. पुण्यात रास्ता पेठेत मी वाढले, लग्न आमच्यातच झालं, आणि दोन हजार चारच्या सुमारास नवऱ्याला ॲमस्टरडॅममध्ये काम मिळालं तेव्हा आम्ही हॉलंडला आलो. तोवर आई माझ्या भावाकडे इस्राएलमध्ये जाऊन राहिली होती. वाळवंटाच्या कडेच्या गावात. तिथे तिला मराठी बोलायला शेजारीण होती, कोकम होतं, सगळं होतं. तरी दर शुक्रवारी संध्याकाळी शनिवारसाठीच्या मेणबत्त्या लावायच्या आधी ती मला फोन करायची आणि विचारायची, "मिळाली का कुणी?"

बेने इस्राएल कुणी मिळालं नाही. एक बाई मिळाल्या.

त्या पासष्टीच्या होत्या. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या डच ज्यू बाई. आम्ही सणाला सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला गेलो होतो तेव्हा बाहेर पडताना त्यांनीच मला गाठलं. तांबडी टोपी, हातात सायकलची किल्ली. "तुम्ही कुठल्या?" मी सांगितलं. त्यांनी भुवया उंचावल्या, पण इतरांनी विचारलं होतं तसं "खरंच?" असं विचारलं नाही. म्हणाल्या, "बुधवारी सकाळी माझ्याकडे काही जणी येतात. या हिवाळ्यात आम्ही आपल्या धर्मग्रंथातले राजे आणि नाबी वाचतोय. या."

नाबी म्हणजे देवाचा निरोप आणणारा. राजाला तोंडावर खरं सांगणारा. आमच्याकडे लहान मुलालाही एलियाहू नाबी ठाऊक असतो, कारण काही शुभ झालं की त्याच्या नावाने मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळं. पण बाकीचे नाबी मला नावापुरतेच माहीत होते. बाईंच्या जेवणाच्या टेबलाभोवती सहासात जणी बसायच्या, कॉफी आणि एकेकच बिस्किट, आणि पुस्तकं उघडायची. बोलणं डचमध्ये चालायचं. माझं डच तेव्हा नगरपालिकेच्या वर्गात शिकलेलं, दुकानात दूध मागण्यापुरतं. अडलं की बाई इंग्रजीत सांगायच्या.

त्या हिवाळ्यात आम्ही यरुशलेमच्या, म्हणजे जुन्या जेरुसलेमच्या, शेवटच्या वर्षांपाशी पोचलो. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, फौजेने शहराला वेढा घातलेला. राजा सिद्कीया तरुण, घाबरट, सरदारांच्या मुठीत. आणि यिर्मया नाबी रस्त्यारस्त्यात सांगत फिरतोय की लढू नका, हे शहर पडणार आहे, शरण जा आणि जगा. कुणाला आवडेल? सरदारांनी त्याला फितूर ठरवला.

वाचता वाचता माझ्या समोर बसलेली एक करड्या केसांची बाई मला म्हणाली, "तुमच्या लोकांना कधी कुणी हाकलून दिलं नाही ना? छळही झाला नाही. मग हद्दपारी तुम्हाला कशी कळणार?"

ती दुष्टपणे बोलली नव्हती. ज्या घराण्यातली जवळजवळ सगळी माणसं नाझींनी मारली, त्या घराण्यातली ती होती, आणि तिच्या दृष्टीने तो साधा प्रश्न होता. मला मात्र तो खोल लागला. आमच्यात सांगतात की पूर्वज समुद्रातून आले, नवगावच्या किनाऱ्याशी त्यांचं जहाज फुटलं, पोथ्या बुडाल्या, आणि जे वाचले त्यांना 'देव एकच आहे' असं सांगणारी शमाची प्रार्थना तेवढी पाठ होती. त्या एका प्रार्थनेवर आणि शनिवारवर आम्ही शतकानुशतकं तग धरला. कुणी छळलं नाही, हे आमचं नशीब. पण धरून ठेवणं म्हणजे काय, ते आम्हालाही कळतं. हे सगळं मला डचमध्ये सांगता येईना. मी म्हटलं, "आमच्याकडे नाबींच्या गोष्टी पुस्तकातून नाही शिकवत. गाऊन सांगतात. उभं राहून."

"गाऊन?"

"कीर्तन म्हणतात त्याला."

बाईंनी चष्मा काढला. वसंतात प्रत्येकीने एकेक भाग सादर करायचा असं ठरलं होतं. त्या म्हणाल्या, "मग यिर्मया तुमच्याकडे. तुमच्या पद्धतीने."

"हो," मी म्हटलं. जन्मात कधी कीर्तन केलं नव्हतं.

कीर्तन करायची ती आई. लग्नाआधी ती आळीतल्या कीर्तन मंडळात होती. कोकणातल्या आमच्या लोकांनी हिंदू शेजाऱ्यांचं बघून कीर्तन उचललं आणि त्यात अब्राहाम, मोशे, दावीद राजा यांच्या कथा बसवल्या. साकी, दिंडी, ओवी, सगळं तेच. मी फोन करून तिला सांगितलं.

"कीर्तन मी करायचे. तू कधी झांजसुद्धा धरली नाहीस."

"म्हणून तर तुला फोन केला."

"एलियाहू नाबीचं घे. मला अजून अर्धं पाठ आहे. लोकांनाही आवडतं."

"मला यिर्मयाच करायचाय, आई."

"रडवा नाबी तो! त्याचं कुणी लावत नसे. त्याचं आख्यानच नाही आपल्याकडे."

"मग मी रचते."

"रचते म्हणे," आई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. साकीची चाल कशी धरायची ते तिने गाऊन दाखवलं. तिचा आवाज फाटला होता, पण सूर जागच्या जागी होता. त्यानंतर रोज सकाळी नवरा कामाला गेला की मी फोनकार्ड खरवडायची, नंबर लावायची आणि स्वयंपाकघरात उभी राहून शिकायची. "बसून शिकू नकोस, श्वास अडतो," आई सांगायची. "पाय हलला पाहिजे, पण जागा सोडायची नाही. आणि गोष्ट सांगताना घाई नको. माणसं तुझ्या मागून चालतायत, पुढे पळालीस तर चुकतील."

गोष्ट मी बाईंकडे बसून पक्की केली. दुपारी ट्रामने त्यांच्याकडे जायचे. त्या हिब्रूतून वाचायच्या, इंग्रजीत सांगायच्या, मी मराठीत बांधायची. मग मी म्हणून दाखवायची आणि त्याचा अर्थ त्या डचमध्ये लिहायच्या. तेव्हाच ठरलं की कीर्तनात माझ्याशेजारी त्या बसतील आणि प्रत्येक भागानंतर डचमध्ये सांगतील. एक दिवस मी विचारलं, "तुम्हाला हा यिर्मया आवडतो का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "फार कटकट्या आहे. पण हटत नाही. विहिरीत टाकला तरी बोलणं बदलत नाही. मला आवडून काय करायचंय?"

आता वाद्यं हवी होती. गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झालेला एक मुलगा वाखनिंगनच्या शेतकी विद्यापीठात बटाट्याच्या रोगावर पीएचडी करत होता आणि तबला बरा वाजवायचा. त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, एक विचारू? हे ख्रिस्ती कीर्तन आहे का?"

"नाही. ज्यू लोकांचं आहे. मी ज्यू आहे."

तो म्हणाला, "बरं. ताल कुठला आहे ते सांगा." रविवारी तो ट्रेनने आला तो पाठीवरच्या मोठ्या सॅकमध्ये तबला-डग्गा घालून. पेटी मिळाली शेजारच्या बायल्मर वस्तीतल्या एका सुरिनामी हिंदुस्तानी, म्हणजे सुरिनामला स्थायिक झालेल्या भारतीयांच्या वंशातल्या, दुकानदाराकडून. त्याच्या आजोबांची होती. "रामायण वाजलंय हिच्यावर," तो हिंदीत म्हणाला. "आपके राजा-रानी का भी बजेगा." पेटी वाजवायला नवरा बसला. लहानपणी शिकला होता आणि विसरलो म्हणत होता, पण बोटं विसरली नव्हती.

सगळं जमत आलं होतं. मी आमच्या ओळखीच्या मराठी घरांनाही निमंत्रण केलं आणि तिथे अडलं. इथल्या मराठी मंडळाचं सगळं पाहणारे एक वडीलधारे गृहस्थ होते. कुणाचं सामान यायचं असो की कुणाला डॉक्टर शोधून द्यायचा असो, सगळे त्यांनाच विचारायचे. त्यांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. त्यांच्या बायकोने चहा ठेवला. ते म्हणाले, "वहिनी, गैरसमज नको. पण हे बायबलमधलं आहे म्हणे. उद्या लोक म्हणतील धर्मप्रसार चाललाय."

"आम्ही कुणाला आमच्यात घेत नाही, काका. कुणी यायचं म्हटलं तरी सहज घेत नाही."

"इतके दिवस तुम्ही आमच्या सगळ्या सणांना आलात. कधी बोलला नाहीत."

"आले कारण बोलावलंत, आणि मला आवडतं म्हणून आले. आता मी तुम्हाला बोलावतेय."

त्यांनी कपातला चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती. "मंडळाच्या नावावर नको," ते म्हणाले.

"माझ्या नावावर करते."

परत येताना नवरा म्हणाला, "थोडं नमतं घेतलं असतंस तर? फक्त बुधवारच्या बायकांपुढे केलं असतं. आपल्याला इथे या लोकांतच राहायचंय."

"राहायचंय म्हणूनच," मी म्हटलं. मला राग आला नव्हता. त्या थंडीत चालताना उलट डोकं स्वच्छ झालं होतं. मराठी कीर्तन आणि मराठी कानच नाहीत, असं करायचं तर फोनवर आईलाच ऐकवलं असतं की. "कुणी आलं नाही तरी करीन. पण निमंत्रण मागे घेणार नाही."

डीमनमधली एक सार्वजनिक खोली रविवारी दुपारपुरती घेतली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला कॉफीचं मशीन, खिडकीबाहेर कालवा. बुधवारच्या बायका वेळेआधी येऊन पुढच्या रांगेत बसल्या, डच लोक बसतात तशा, कोट मांडीवर घेऊन. मराठी खुर्च्या बराच वेळ रिकाम्या होत्या. मग विद्यार्थी आले, आमच्याच इमारतीतलं एक जोडपं आलं, आणि शेवटी काकांची बायको आली. एकटी. "हे नाही आले," ती म्हणाली. "मी आलेय." आणि मधोमध बसली.

मी पांढरी साडी नेसून उभी राहिले. बाई शेजारी खुर्चीवर, तांबडी टोपी तशीच डोक्यावर. नवऱ्याने मोबाइलवर आईला फोन लावून तो पेटीच्या टपावर ठेवला. शमा म्हटली, नमन केलं. पहिला सूर माझ्याच कानाला परका वाटला. मग आईने सांगितलं होतं तसे मी पाय हलवायला लागले, आणि तबला बरोबर पायाखाली आला.

मी सांगितलं, की सरदार राजाकडे गेले आणि म्हणाले, हा माणूस शिपायांचं अवसान घालवतो, याला मारा. राजा म्हणाला, तुमच्यापुढे माझं काय चालणार? बघा, राजा म्हणतोय हे! मराठी खुर्च्यांतून हसू आलं. बाईंनी तेच डचमध्ये सांगितलं आणि पुढची रांगही हसली. मग मी सांगितलं की यिर्मयाला दोरांनी एका विहिरीत सोडलं. पाणी नव्हतं, नुसता चिखल. नाबी त्या चिखलात रुतत गेला. वर शहरात भाकरी संपत आलेली. त्याला वर काढायला त्याच्या रक्ताचं कुणी आलं नाही. आला तो राजवाड्यातला एक परका चाकर, कूश देशाचा, आफ्रिकेतला. तो भर दरबारी राजाकडे गेला आणि म्हणाला, हे वाईट झालं, तो माणूस तिथे भुकेने मरेल. राजाने त्याला माणसं दिली. पण तो सरळ विहिरीकडे गेला नाही. आधी राजवाड्याच्या कोठीत गेला आणि जुन्या चिंध्या गोळा केल्या. त्या विहिरीत सोडून म्हणाला, बाबा, या आधी काखेत धरा आणि वरून दोर घ्या, म्हणजे काचणार नाही.

इथे मी थांबले. बाईंनी डचमध्ये सुरुवात केली. कूशचा चाकर, राजवाडा, कोठी. चिंध्यांपाशी येऊन त्या गप्प झाल्या. मला वाटलं ओळ सापडत नाहीये. मी त्यांच्या कागदाकडे पाहिलं, तर त्यांनी तो उलटा करून मांडीवर ठेवला होता.

मग त्या कागद न बघता बोलल्या. तोपर्यंत माझं डच इतकं सुधारलं होतं की मला कळलं. युद्धात त्या अगदी लहान होत्या. त्यांना जर्मनांपासून वाचवायला उत्तरेला ग्रोनिंगनकडे एका शेतकऱ्याच्या घरी लपवलं होतं. पहिल्या दिवशी त्या घरातल्या बाईने त्यांना आपल्या मोठ्या मुलीचे लाकडी बूट दिले. ते मोठे होत होते. तेव्हा तिने जुनी चादर फाडली आणि पाय काचू नयेत म्हणून बुटांत चिंध्या भरल्या. "मला माझ्या आईचा चेहरा आठवत नाही," बाई म्हणाल्या. "त्या चिंध्या आठवतात. निळ्या रेघांच्या होत्या."

पुढच्या रांगेत कुणी हललं नाही. करड्या केसांच्या बाईने हात तोंडावर ठेवला होता. मराठी माणसांना डच सगळं कळलं नव्हतं, पण खोलीत काय झालं ते कळलं होतं. बाईंनी माझ्याकडे वळून, वर्गात मुलीला सांगावं तसं सांगितलं, "पुढे चला."

मला सूर लावता येईना. तेव्हा वाखनिंगनच्या त्या मुलाने एकट्याने ठेका धरला, हळू, आणि तो सोडलाच नाही. मग मी रचलेली साकी घेतली:

पडला राजा, पडले नगर, पडले कोट नि दार।
वेढ्यामधुनी शेत घेई जो, त्याचा टिके निर्धार॥

कारण यिर्मयाने तेही केलं होतं. शहर पडणार असं तोच ओरडून सांगत होता, पहाऱ्यात कोंडलेला होता, आणि त्याच वेळी चुलतभाऊ गावचं शेत विकायला आला तर त्याने ते विकत घेतलं. साक्षीदार बोलावून. लोकांना वाटलं डोकं फिरलं. त्याचं म्हणणं होतं, या देशात पुन्हा घरं होतील, पुन्हा शेतं होतील. आणि जे आधीच बाबेलला नेले गेले होते, त्यांनाही त्याने हेच कळवलं होतं, की तिथे घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं भलं मागा. मी राजाचं पळणं सांगितलं, पकडलं जाणं सांगितलं, त्याच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले तेही सांगितलं. आई म्हणाली होती तसं, घाई न करता. शहर जळालं. आणि नाबीला बाबेलच्या सरदाराने बेड्या काढून विचारलं, माझ्याबरोबर येतोस की इथे राहतोस? कुठेही जा. तो राहिला. उरलेल्या गरिबांबरोबर.

शेवटी त्या साकीची दुसरी ओळ ध्रुवपद म्हणून सगळ्यांनी घेतली. काकांच्या बायकोने टाळ्यांनी सुरुवात केली, आणि डच बायका 'निर्धार'चा 'ध' काही जमेना तरी म्हणत राहिल्या.

नंतर करड्या केसांची बाई माझ्याकडे आली. "मी चुकीचा प्रश्न विचारला होता," ती म्हणाली.

"प्रश्न बरोबर होता," मी म्हटलं. "उत्तर द्यायला वेळ लागला."

आईला लावलेल्या फोनचं कार्ड विहिरीपाशीच संपलं होतं. संध्याकाळी तिने स्वतःहून फोन केला. "आवाज चांगला लागला होता," म्हणाली. "नमन जरा घाईने घेतलंस. आणि काढला का त्याला बाहेर?" तिला कथा ठाऊक होती, तरी विचारलं. मी सगळं पुन्हा सांगितलं.

काका आठवड्याने भेटले, दुकानात, भाजीच्या रांगेत. इकडचं तिकडचं बोलले. निघताना म्हणाले, "घरात दिवसभर तीच साकी चालू आहे. पुढची ओळ काय आहे?" मी सांगितली. मंडळाच्या नावाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

पुढच्या वर्षी नवऱ्याचं कंत्राट संपत आलं. भाऊ म्हणत होता, आता इस्राएललाच या, परदेशात किती दिवस काढणार. आई त्याच्या बाजूने बोलली. मी दोघांना सांगितलं की आम्ही राहतोय. नवऱ्याने दुसरं काम शोधलं, मी डचची पुढची परीक्षा दिली. आई रुसली, पण त्या उन्हाळ्यात भेटायला आली. बुधवारच्या बायकांनी तिच्याकडे एलियाहू नाबीचं कीर्तन मागितलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. बाईंच्या दिवाणखान्यात टेबल भिंतीला सरकवून तिला जागा केली, तिने पदर खोचला, माझ्या हातात झांज दिली आणि म्हणाली, "तू मागे उभी राहा. आणि या वेळी घाई करू नकोस."